डॉक्टरांचं चाक ढिलं का व्हायचं

“हे घे तुझं चाक,” म्हणून डॉक्टरांनी सायकलीचं पुढचं चाक माझ्यासमोर फळीवर आदळलं. बाकीची सायकल बाहेर एका बैलगाडीत आडवी पडली होती. डॉक्टरांच्या पँटीचा गुडघा फाटला होता, तळहाताला त्यांनी स्वतःच पट्टी बांधली होती आणि डोक्यावर हॅट नव्हती. हॅट नसलेले डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होतो.

“कुठं पडलासा डॉक्टर?” मी विचारलं.

“कुठं पडलो ते राहू दे. का पडलो ते सांग. परवाच तू हे आवळून दिलंस ना?”

“दिलतं की.”

“मग सुटलं कसं?”

आता मला ठाऊक असतं तर मी ते आधीच बंद केलं नसतं काय? पण गिऱ्हाइकाला असं उलट बोलता येत नाही. त्यात डॉक्टर. त्यात मालक गल्ल्यावर बसून सगळं ऐकतायत. मी चाक उचलून उगाच फिरवून बघितलं. चाकाला काही झालेलं नव्हतं. झकास फिरत होतं.

डॉक्टर पहाटे हिंडलग्याच्या पलीकडच्या एका खेड्यात निघाले होते. तिथं एक बाई बाळंतपणात अडली होती, तिचा भाऊ बोलवायला आला होता. उतारावर एका चरात सायकल उडाली, हँडल वर आलं आणि चाक खालीच राहिलं. पुढची वाट डॉक्टर लंगडत चालत गेले. बाई सुटली, पोर जगलं, पण डॉक्टर मला म्हणाले, “अजून थोडा उशीर झाला असता तर त्या घरच्या माणसांना मी काय सांगणार होतो? माझ्या मिस्त्रीनं नट आवळला नव्हता म्हणून?”

ते बोलणं मला फार लागलं. कारण नट मी आवळला होता. देवाशपथ आवळला होता.

ही गोष्ट लढाईच्या दिवसांतली, बेळगावातली. खडेबाजाराजवळच्या एका बोळात आमचं सायकलीचं दुकान होतं. मालक मल्लाप्पाण्णा. माणूस कानडी, पण सगळ्यांशी मराठीतच बोलायचे, राग आला की तेवढे कानडीत जायचे. मी मूळ निपाणीकडचा. आमच्या घरची सगळी माणसं तंबाखूच्या वखारीत कामाला. तंबाखू कुटायची, चाळायची, दिवसभर ती धूळ नाकातोंडात. मला ती मानवायची नाही. खोकून खोकून जीव जायचा. म्हणून मामानं मला बेळगावात आणून ह्या दुकानात चिकटवला होता. दुकानात माझा हात बसला, मालकांनी मला नुकतंच मिस्त्री केलं होतं. हे काम गेलं असतं तर मला परत वखारीतच जावं लागणार होतं, दुसरीकडं कुठं जागा नव्हती. लढाईमुळं इंग्लंडचा माल येईना, विकायला सायकली राहिनात, जो तो दुकानदार माणसं कमी करत होता.

आणि ह्या डॉक्टरांची सायकल आमच्याच दुकानातली. आधी त्यांचा घोड्याचा टांगा होता. आजूबाजूच्या खेड्यांत ते टांग्यानं जायचे. मग घोडी म्हातारी होऊन मेली. दाणा-वैरण महागलेली, नवीन जनावर परवडेना. डॉक्टरांनी टांगा विकला आणि आमच्याकडनं सायकल घेतली. दुकानात शिलकीत राहिलेली शेवटची बऱ्यापैकी इंग्लिश सायकल ती. गाडी अशी घट्ट बांधलेली की तिला नाव ठेवायला जागा नव्हती. तिचंच चाक ढिलं होत होतं.

सायकल चालवणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो. चाकाच्या मधोमध एक लोखंडी दांडी असते, तिला ॲक्सल म्हणायचं. चाक फिरतं, ॲक्सल फिरत नाही. ती दोन्ही बाजूंनी चिमट्यात, म्हणजे चाकाला धरणाऱ्या दोन पायांत, खाचेत बसते आणि बाहेरनं नट आवळून तिला धरून ठेवायचं. नटाच्या आत एक चकती असते, तो वॉशर. बास, एवढंच. दोन चाकांचे मिळून चार नट. माणसाचा सगळा जीव त्या चार नटांवर असतो आणि बसणारा कधी खाली वाकून बघत नाही. घंटी वाजते का ते मात्र रोज बघतो.

नट आपोआप ढिला होतो का? होतो. रस्ता खराब असला, आटे झिजलेले असले, वॉशर गुळगुळीत झाला किंवा नटाखाली रंगाचा थर राहिला तर हळूहळू होतो. पण त्याला महिने जातात. डॉक्टरांचा नट आठवड्यात सुटायचा.

पहिल्यांदा ते आले तेव्हा नुसतं म्हणाले होते, हँडल हलतंय. बघतो तर पुढचे दोन्ही नट ढिले. मी आवळून दिले. मनात म्हटलं, दुकानातनं जातानाच राहिलं असेल. दुसऱ्यांदा मागचं चाक तिरकं होऊन चेन उतरली. मागचे नट ढिले. मग मी चारी वॉशर बदलले, नटाखालचा रंग खरवडून काढला, दातेरी वॉशर घातले. दातेरी वॉशर लोखंडात चावून बसतो, नटाला हलू देत नाही. पाना लावून असा जोर केला की माझ्या दंडात गोळा आला. “आता हे सुटलं तर मिशी काढतो,” असं मी मालकांना म्हटलं होतं. आणि आता हे चाक फळीवर पडलं होतं.

डॉक्टर गेल्यावर मालकांनी मला जवळ बोलावलं.

“काय करालास रं तू? डॉक्टर म्हंजे गावात शंभर घरी जाणारा माणूस. हर घरात सांगणार, मल्लाप्पाच्या सायकलवर बसलो आणि पडलो. येनप्पा, दुकान बंद करायचा विचार हाय काय तुझा?”

“अण्णा, मी आवळलतं.”

“आवळलतास तर सुटलं कसं?”

“तेच कळंना झालंय.”

“मिस्त्री तू का मी? हे बघ. आणि एकदा डॉक्टरांचं चाक ढिल्लं झालं, तर तू आपला निपाणीला जायाचं. मी दुसरा माणूस बघतो.”

झालं. म्हणजे माझी भाकरी त्या चार नटांवर टांगली.

मी डोकं लावून काम केलं. माझ्यापाशी नव्या ॲक्सलचा एक जोड जपून ठेवलेला होता, लढाईत तसला मिळणं मुश्कील. तो मी डॉक्टरांच्या सायकलीला घातला. आटे तपासले. चारी बाजूंना नटावर दुसरा नट चढवला. ह्याला डबल नट म्हणतात. दोन नट एकमेकांवर आवळले की ते एकमेकांना अडवून धरतात, हादऱ्यानं सुटत नाहीत. शेवटी एक युक्ती केली. नटावरनं ॲक्सलच्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार, आणि कुठल्या बाजूला किती फिरला ते दिसणार.

डॉक्टरांना सायकल देताना मी म्हटलं, “डॉक्टर, आता हे भूकंपात बी सुटायचं न्हाय.”

“बघू,” म्हणाले. त्यांच्या तोंडावर विश्वास दिसेना. त्यांचा तरी काय दोष म्हणा.

काही दिवस गेले. मी रोज मालकांच्या तोंडाकडं बघायचो आणि ते रस्त्याकडं बघायचे. आणि एका सकाळी डॉक्टर सायकल हातानं ढकलत आले. ह्यावेळी पडले नव्हते. आता निघण्याआधी चाक हलवून बघायची सवय त्यांना लागली होती. पहाटे बोलावणं आलं म्हणून सायकल काढली, चाक हलवलं, तर खडखड. ते शेजाऱ्याच्या टांग्यानं गेले आणि परत आल्यावर सायकल घेऊन आले.

“घे,” एवढंच म्हणाले.

मालक गल्ल्यावरनं उठले. “शंकर, तुझं सामान आवर.”

“अण्णा, एक मिनिट. मला बघू तरी द्या.”

मी खाली बसलो. राग आलेला, रडूही आलेलं. आणि बघितलं तर काय, पांढरी रेघ सगळीकडं तुटलेली, आठच्या आठ नट ढिले. पुढचे, मागचे, डावे, उजवे. सगळे सारखेच ढिले. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. आपोआप नट सुटला तर आधी एक सुटतो, मग दुसरा. एक जास्त, एक कमी. इथं सगळे अगदी मापानं मागं आलेले होते, जसं कुणी माप घेऊन ढिले केलेत. मग मी नटाचे कोपरे बघितले. कोपऱ्यांवर ताजे, चकचकीत ओरखडे. माझा पाना नटावर घट्ट बसतो, तो कोपरे खात नाही. हे ओरखडे सायकलीसोबत पिशवीत फुकट मिळतो त्या पातळ पान्याचे. तो नटावर ढिला बसतो आणि कोपरे सोलतो.

“अण्णा,” मी म्हटलं, “हे सुटलेलं न्हाय. हे सोडलंय. कुणीतरी पाना लावून सोडालंय.”

मालकांनी चष्मा लावून ओरखडे बघितले. मग त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला मी काय म्हणू? त्यांना आनंद झाला. बोळाच्या टोकाला दुसरं एक सायकलीचं दुकान होतं, त्याच्याशी त्यांचं जुनं वाकडं होतं. “त्येचंच काम,” म्हणाले. “माझं नाव खराब करायला. थांब, आज त्याला दाखवतो.”

“अण्णा, डॉक्टरांच्या वाड्यात शिरून तो आठ नट सोडायला येतोय व्हय? कायतरीच.”

मग मी डॉक्टरांना विचारलं, “डॉक्टर, घरी सायकलीला कुणी हात लावतं काय?”

“कुणी नाही.”

“पाना बिना कुणी?”

“अरे, कोण लावणार? घरात मी आणि आमची मंडळी. सायकल रात्री मागच्या पडवीत असते, दार आतनं बंद. कुणी हात लावत नाही.”

“कुणीच न्हाय?”

“तुला मराठी कळतं ना? कुणी नाही!”

मालक माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “मग तूच ढिल्लं ठेवलास.” झालं, परत माझ्यावरच.

तेवढ्यात मला एक सुचलं. मी म्हटलं, “डॉक्टर, चाक नेमकं कधी ढिलं असतंय? दिवसा का पहाटे?”

डॉक्टरांनी जरा विचार केला. “बहुतेक अवेळी बोलावणं आलं की. दिवसा जरा डुगडुगतं, पण चालतं. अवेळी काढली की वाईट असतं.”

म्हणजे कुणीतरी रात्रीसाठी सोडत होतं आणि सकाळी परत कसंबसं लावत होतं. हे माझ्या डोक्यात बसेना. चोर असता तर चाक नेलं असतं. वैरी असता तर परत लावलं नसतं.

मी मालकांना म्हटलं, “अण्णा, एक दिवस द्या. संध्याकाळी मी डॉक्टरांच्या घरी जाऊन बसतो. न्हाय काय सापडलं तर उद्या सकाळी मी निपाणीच्या मोटारीत.”

मालकांनी हो म्हटलं. नाही म्हणायला त्यांनाही जीव होईना, कारण मला त्यांनीच शिकवून तयार केलं होतं.

संध्याकाळी मी शहापुरात डॉक्टरांच्या घरी गेलो. दिवे लागायची वेळ. डॉक्टर दवाखान्यातनं येऊन चहा पीत होते. सकाळी मी परत आवळून दिलेली सायकल मागच्या पडवीत उभी होती. मी तिच्यापासनं जरा लांब, गवताच्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. ती खोली घोडीची. अजून वास होता.

थोड्या वेळानं एक म्हातारा आला. अंगात बंडी, डोक्याला पटका, पाय जरा वाकलेले. हा यल्लाप्पा, डॉक्टरांचा मोतद्दार. मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस; टांगाही तोच हाकायचा. घोडी गेली, टांगा गेला, पण यल्लाप्पाला डॉक्टरांनी ठेवून घेतला होता. झाडलोट करायचा, पाणी भरायचा. मला बघून त्यानं मान हलवली आणि आपल्या कामाला लागला.

आधी फडकं घेऊन त्यानं सायकल पुसली. पुढनं मागं, घोडी केसाच्या वळणानं पुसावी तशी. मग हाताला खोबरेल घेऊन दांड्यांना चोळलं. मग खाली बसला, सीटखालच्या पिशवीतनं पाना काढला आणि एकेक करून सगळे नट सोडायला लागला. सोडताना तोंडानं “हो... हो... बास, बास,” करत होता.

मी ताडकन उठलो.  सहा-सात आठवडे ह्या नटांपायी माझी झोप उडालेली, नवी ॲक्सल गेली, मालकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि हा म्हातारा माझ्यादेखत आरामात सगळं सोडत बसला होता!

“ओ आप्पा! काय करालासा हे?”

“तंग सोडतोय,” तो शांतपणे म्हणाला.

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालनं साज आवळायचा पट्टा.

“कसला तंग? ह्येला कुठं तंग हाय?”

“ह्ये काय.” त्यानं नट दाखवला. “दिवसभर आवळून माणूस वाहिलंय बिचारीनं. रात्री तसंच ठेवायचं व्हय? अंग आंबतंय. वळ उठतोय. मी बत्तीस वर्षं ह्या घरची जनावरं सांभाळली, एकाच्या पोटाला कधी वळ न्हाय.”

“आप्पा, ही लोखंडाची हाय!”

“लोखंडाची असली म्हणून काय झालं? ओझं वाहतीया न्हवं?”

मी डोक्याला हात लावला. “आणि सकाळी?”

“सकाळी आवळतो की. हातानं.” त्यानं दोन बोटं पुढं केली. “तंगाखालनं दोन बोटं गेली पायजेत. त्येच्यावर आवळायचं न्हाय. जास्त आवळलं तर कातडं सोलतंय. तुमच्या दुकानात कोण आवळतंय ते? लई कसाई माणूस हाय. असा आवळतो की मला सोडायला दम लागतोय. आणि परवापासनं तर दुहेरी तंग लावलाय!”

कसाई माणूस समोरच उभा होता.  अवेळी बोलावणं आलं की यल्लाप्पा आपल्या घरी झोपलेला असायचा. डॉक्टर घाईत सायकल काढायचे, सगळे नट मोकळे, आणि निघायचे.

मी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर कप हातात घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, “डॉक्टर, हे बघा. हे कोण हाय?”

“हा यल्लाप्पा.”

“हा रोज नट सोडतोय.”

डॉक्टरांनी यल्लाप्पाकडं बघितलं, मग पान्याकडं, मग माझ्याकडं. आणि म्हणाले, “हो, रोज संध्याकाळी काहीतरी करत असतो खरा. मी बघतो की खिडकीतून. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय, देखभाल म्हणून.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “डॉक्टर, मी तुम्हाला विचारलं न्हवं, कुणी हात लावतं काय? तुम्ही म्हटलासा, कुणी न्हाय! मराठी कळतं काय म्हटलासा!”

“अरे, म्हणजे... हा घरचाच ना.”

डॉक्टरांच्या ‘कुणी’मध्ये यल्लाप्पा येतच नव्हता. बत्तीस वर्षं ज्यानं त्यांना खेड्यापाड्यांत नेलं-आणलं, तो.

आता डॉक्टरांना सगळं कळलं. त्यांचा गुडघा अजून दुखत होता, तळहाताची पट्टी निघाली नव्हती, आणि त्या अडलेल्या बाईची आठवणही असेल. ते यल्लाप्पाला म्हणाले, “तुला कळतंय का तू काय केलंस? मी मेलो असतो. ती बाई मेली असती. उद्यापासून तू येऊ नकोस.”

यल्लाप्पाच्या हातातला पाना खाली पडला. त्याचं तोंड एकदम लहान झालं. “सायब, मी काय केलं?” एवढंच म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, घोडी मेली, आता एवढी एकच राहिलीय आपल्याकडं, ती तरी नीट जपावी.

मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटतंय ह्याचा परत राग आला. ह्या म्हाताऱ्यानं मला वखारीत पाठवायची तयारी केली होती आणि मीच त्याची बाजू घ्यायची? पण घेतली.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “तुमच्या घोडीला कधी वळ पडलेला?”

“कधीच नाही.”

“मग ह्यांना हाकलून काय मिळणार? काम चोख करणारा माणूस हाय. फक्त चुकीच्या जनावरावर करतोय. आणि ह्यांना सायकल काय हे कुणी सांगितलं काय कधी? तुम्ही सांगितलंसा?”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मग मी यल्लाप्पाकडं वळलो. “आप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं हे असं करायला?”

“कुणी कशाला सांगायला पायजे? आणि तुमच्या मालकानंच सांगितलतं की,” यल्लाप्पा म्हणाला. “सायकल न्यायला मीच आलतो दुकानात, सायबांच्या बरोबर. मालक म्हटलं, ‘आप्पा, घोड्यागत जपा हिला.’ हा पाना बी त्येनीच माझ्या हातात दिला. सायबांच्या न्हाय, माझ्या.”

मी तिथंच पडवीत खाली बसलो. हसावं का रडावं कळेना.

त्या संध्याकाळी मी यल्लाप्पाला समजावलं. चाक उचलून फिरवून दाखवलं. नट आवळला तरी चाक मोकळं फिरतं, ओझं आतल्या छर्ऱ्यांवर, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्यांवर असतं, नटाला काही दुखत नाही, हे सगळं दाखवलं. तो मान हलवत होता. पण त्याचा हात सारखा नटाकडं जायचा. मी ओळखलं, हा आता व्हय म्हणेल आणि उद्या परत सोडेल. हा हात बत्तीस वर्षं रात्री काहीतरी सोडत आलाय. त्याला सोडायला काहीतरी दिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी मोच्याकडनं एक चामड्याचा पट्टा करून घेतला, टांग्याच्या जुन्या साजाची बकल लावून. सीटच्या खालनं घेऊन मधल्या दांडीभोवती तो बांधला. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्यानं काही धरलेलं नव्हतं, तो काढून फेकला असता तरी सायकलीला काही फरक पडला नसता. यल्लाप्पाला म्हटलं, “आप्पा, हा हिचा तंग. सकाळी आवळायचा, दोन बोटं ठेवून. रात्री सोडायचा. आणि नटांना हात लावायचा न्हाय. ती हिची हाडं हायत.”

यल्लाप्पानं पट्ट्याखालनं दोन बोटं घालून बघितली. त्याच्या तोंडावर समाधान दिसलं. “मग हे आधी का न्हाय लावलं? हाडं सोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर का ठेवलं?” म्हणाला.  पाना मी माझ्या खिशात टाकून परत आणला. डॉक्टरांनी यल्लाप्पाला ठेवून घेतलं आणि त्यांचं चाक नंतर कधी ढिलं झालं नाही.

दुकानात येऊन मी मालकांसमोर पाना ठेवला आणि सगळं सांगितलं.

“मी असं म्हटलतो?” मालक म्हणाले.

“म्हटलतासा. घोड्यागत जपा.”

“अय्यो, गिऱ्हाइकाला कायतरी बोलायला लागतंय की रं. त्यात काय मनावर घ्यायचं?”

“अण्णा, मला निपाणीला पाठवायला निघालतासा तुम्ही.”

“पाठवला का? न्हाय न्हवं?” आणि त्यांनी विषय बदलला. माफी बिफी काही नाही. “तो पट्टा कसला म्हणालास?”

तिथंच माझं चुकलं. मी त्यांना पट्टा समजावून सांगितला, हसत हसत सांगितला. मालक हसले नाहीत. आठवड्याभरात त्यांनी मोच्याकडनं ढिगानं पट्टे करून आणले आणि दुकानात टांगले. खेड्यातनं सायकल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, “डॉक्टर सुद्धा लावतात.” आणि ते खरंही होतं. बघता बघता सांबऱ्यापासनं लोंढ्यापर्यंतच्या सायकलींवर ते पट्टे दिसू लागले.

ह्या सगळ्यात मी एक गोष्ट शिकलो, की गिऱ्हाइकाला ‘कुणी हात लावतं काय’ असं विचारायचं नाही. नावानिशी विचारायचं. बाप काय करतो, भाऊ काय करतो, गडी काय करतो. मग सगळं बाहेर येतं. आणि हे कळूनही त्रास काही संपत नाही. कारण एका बाजाराच्या दिवशी सांबऱ्याचा एक शेतकरी सायकल घेऊन आला आणि मला म्हणाला, “मिस्त्री, पट्टा ढिल्ला व्हतोय.”

“रात्री कोण सोडतं?” मी विचारलं.

“आमचा बा सोडतो की. सोडायचाच असतोय म्हणं.”

“मग सकाळी बानंच आवळायचा.”

“त्यो न्हाय आवळत. त्यो म्हणतोय, सोडायचं काम माझं, आवळायला मिस्त्रीला पैसे दिल्यात.”

गल्ल्यावर मालक छताकडं बघत बसले होते. मी हात पुसले आणि पट्टा आवळून दिला. दोन बोटं ठेवून.